इनासने विणलेलं जाळं

इनास गेल्याचा फोन आला तेव्हा मी गॅलरीत वाचत बसलो होतो. फोन फिलोमेना वहिनींचा, म्हणजे त्याच्या बायकोचा होता. "भाऊजी, तुमचा गोलकीपर गेला," एवढंच त्या म्हणाल्या. आजारी होता, आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं, तरीही... या गोष्टीला आता पाच आठवडे झाले. तेव्हापासून रोज दोन ओळी लिहितो आणि खोडतो. त्याच्याबद्दल लिहायचं तर एका सामन्याबद्दल लिहावं लागणार, आणि तेच मी इतकी वर्षं टाळत आलो आहे.

आमची ओळख वसईच्या कॉलेजात झाली. तो पाचूबंदरचा, बापाची होडी असलेला. मी वाडीतला, केळी आणि पानवेलींमध्ये वाढलेला, पुस्तकातून डोकं वर न काढणारा. फुटबॉलशी माझा काही संबंध नव्हता. पण संघाला बारावा खेळाडू हवा होता आणि मला नाही म्हणता येत नाही, हे कप्तान शशीला ठाऊक होतं. माझं काम एकच. आमच्या गोलच्या मागे बसायचं आणि चेंडू मागच्या मिठागरात गेला की काढून आणायचा. "आपल्याच गोलमागे बस," शशी म्हणाला होता, "तिकडे काम जास्त असेल." काम खरोखरच भरपूर होतं. चेंडू येईपर्यंत मी वाचत असे, पानांमध्ये बोट घालून, म्हणजे उठावं लागलं तरी पान हरवू नये. मुलं मला मास्तर म्हणायची. पुढे मी मास्तरच झालो.

कॉलेजकडे गोलचे खांब होते, जाळं नव्हतं. इनासने घरून नायलॉनचा दोर आणि बापाची जाळं विणायची लाकडी सुई आणली आणि पंधरा दिवसांत जाळं विणून दिलं. फक्त ते मासेमारीचं जाळं झालं! खालच्या काठाला त्याने शिसाच्या गोळ्या ओवल्या होत्या. शशीने कपाळावर हात मारला. "अरे, इथे काय बोंबील येणार आहेत का?" इनास शांतपणे म्हणाला, "वारा आला तर उडल ना. जाळ्याला शिसं नको, असं कोन बोलतं?" त्यामुळे झालं असं, की गोल झाला, जाळं हललं, की त्या गोळ्या एकमेकींवर आपटून खळखळत. त्या मोसमात तो आवाज आम्ही इतक्यांदा ऐकला, की पुढे पुढे मला मान वर करून बघावंही लागत नसे. खळखळलं, की गोल.

पहिले पाच सामने आम्ही हरलो. गोल खाऊनही इनास मात्र मजेत असायचा. ज्याने गोल मारला त्याच्याजवळ सामन्यानंतर जाऊन विचारायचा, "तू डावीकडं बघितलास नि उजवीकडं मारलास. कसं काय रं?" आणि ती पोरं त्याला प्रेमाने समजावूनही सांगत. शशीचा जीव मात्र खालीवर होत होता. खेळाच्या सरांनी स्पष्टच सांगितलं होतं, "शेवटचा सामना निदान बरोबरीत सोडवा. एक गुणही नसेल तर पुढच्या वर्षी संघ विसरा." शशी पहिल्या वर्षाला होता. फुटबॉलसाठीच त्याने हे कॉलेज घेतलं होतं.

तो सामना आमच्याच मैदानावर होता. मध्यांतरानंतर बाजू बदलल्या, इनास आणि मी मिठागराकडच्या गोलवर आलो. तो जाळ्याकडे बघून म्हणाला, "मास्तर, वर कोपऱ्यात चार गाठी सुटल्यात. मॅच झाली की बांधतो." शेवटची काही मिनिटं उरली तरी गोलफलक कोरा होता. आणि मग लांबून एक फटका आला. इनासने झेप घेतली, चेंडू त्याच्या बोटांवरून, आडव्या खांबाखालून आत शिरला आणि कोपऱ्यातल्या त्या भोकातून माझ्या डोक्यावरून मिठागरात गेला. जाळं हललं नाही. शिसं वाजलं नाही. लांब असलेल्या पंचांना वाटलं, चेंडू बाहेर गेला. त्यांनी गोलकिक दिली. समोरचा संघ ओरडत धावून आला, तेव्हा पंच माझ्याकडे आले. "तुम्ही मागेच बसला होता. चेंडू आतून गेला का?"

शशी माझ्याकडे बघत होता. मी म्हणालो, "माझं लक्ष नव्हतं, सर. मी वाचत होतो."

सगळ्यांना ते पटलं. माझ्याकडून दुसरी अपेक्षा कुणाचीच नव्हती. पंच परत वळले आणि मागून इनासचा आवाज आला. "सर, गोल हाय. जाळ्याला भोक हाय, तिथून गेला. जाळं माझंच हाय, मना ठाव हाय."

आम्ही एका गोलने हरलो. "तुला कुणी विचारलं होतं का रे?" शशी त्याच्या अंगावर धावून गेला. इनासने एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "नाय. मना नाय विचारलं." पुढच्या वर्षी संघ नव्हता. मुलांनी इनासचं नाव साक्षीदार ठेवलं. किती तरी दिवस कुणी त्याच्याशी धड बोललं नाही. मी बोलत होतो, पण त्याविषयी नाही.

पुढे तो होडीवर गेला, मी शाळेत. मुलांना खरं बोलावं म्हणून शिकवताना मला दरवर्षी एकदा तरी ते मिठागर दिसायचं. शशीचा रागही वर्षांमागून वर्षं निवत गेला, फक्त चेष्टा राहिली. मी माणिकपूरला चौथ्या मजल्यावर घर घेतलं तेव्हा कबुतरांनी गॅलरीत उच्छाद मांडला होता. इनासला कळलं. एका रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून तो खांद्यावर जाळं टाकून हजर झाला. खाली वॉचमनने अडवलं, "मछलीवाले ऊपर नहीं जाएंगे." इनास म्हणाला, "मासे नाय बाबा, कबुतरं धरायला आलोय!" जाळं त्याने स्वतः टांगलं. खाली शिसाच्या गोळ्या होत्याच.

शेवटची भेट त्याच्या घरी, ओटीवरच्या खाटेवर. हात थरथरत होते, तरी मांडीवर जाळ्याचा तुकडा होता. बोलता बोलता एकदम म्हणाला, "मास्तर, त्या दिशी तुजं पुस्तक बंद होतं."

मी त्याच्या मांडीवरच्या जाळ्याकडे बघू लागलो.

"तू नेमी बोट घालून बसायचास. त्या दिशी बोट पन आत नव्हतं."

"मग तू कुणाला सांगितलं का नाहीस?" मी कसंबसं विचारलं.

तो हसला. हसताना खोकला आला, वहिनींनी पाणी दिलं. "तुला कशाला शिव्या खायला लावू? गोलकीपरची जागाच ती..." मला माफी मागायची होती. पण त्याने तुकडा माझ्यापुढे धरला, "ही गाठ जरा ओढ, माज्यानं होत नाय," आणि मी ती ओढत बसलो.

दफनभूमीत सगळा संघ आला होता. माती टाकून झाल्यावर शशी डोळे पुसत म्हणाला, "साक्षीदार गेला रे. तेवढं एकदा तोंड बंद ठेवलं असतं, तर एक गुण तरी मिळाला असता." सगळे हसले, मायेनेच. मी तिथे बोलू शकलो असतो. मीही हसलो.

शशी, तू हे वाचशील. चेंडू आतून गेला होता. मी पाहिला होता. पंचांनी विचारलं ते मला, आणि उत्तर त्याने दिलं. त्याला साक्षीदार म्हणायचं तर म्हण, पण दुसरा साक्षीदार कोण होता, तेही आता सगळ्यांना सांग.

जाळं अजून गॅलरीत आहे. पाचूबंदरकडून वारा आला की खालचं शिसं फरशीवर खळखळतं. त्या मोसमात हा आवाज आला की मी मान वर करत नसे. आता आवाज आला, की पुस्तकातलं बोट काढून घेतो आणि वर बघतो.