हत्तीसाठी लागणारी रायफल

गिरगावात आमच्या समोरच्या खोलीतले निवृत्त गृहस्थ आफ्रिकेत शिकारीला कधीच जाणार नाहीत, हे त्यांनाही ठाऊक आहे. तरी हत्तीसाठी दुनळी रायफल चारशे सत्तर कॅलिबरचीच हवी, हे ते गॅलरीत मला रोज पटवून देत. मी म्हणे, "आधी पासपोर्ट तरी काढा!"

गेल्या महिन्यात त्यांचा उजवा खांदा आखडला. पाण्याची बादली उचलेना. संध्याकाळी खालच्या आवाजात म्हणाले, "हत्ती सोडावा म्हणतो. बार उडताना खांद्याला बसणारा एवढा धक्का आता झेपायचा नाही. तीनशे पंचाहत्तर घेतो, रानरेड्यावर भागवू."

मला ते ऐकवेना. "अहो, रायफलीच्या खांद्याला टेकणाऱ्या दस्त्याला जाड रबरी गादी लावली तर?"

त्यांनी खांदा जपून फिरवून पाहिला.

"मग हत्ती ठेवू," म्हणाले.