नाताळच्या दशम्या

धुळ्याला मिशनच्या आवारात आमच्या दोन खोल्या होत्या. वडील तिथल्या बागेचे माळी. नाताळ आला की आवारात घरोघरी करंज्या, शेव व्हायची, दारावर कागदाचे तारे लागायचे. आमच्याकडेही हे सगळं असे. पण आईचं लक्ष त्यात नसायचं. तिचं लक्ष दशम्यांत.

आई-वडील ख्रिस्ती झाले ते माझ्या जन्माच्या आधी. तेव्हापासून आईला माहेरी जाता येत नव्हतं. राखी नाही, भाऊबीज नाही. हे सण आपल्यात करायचे नाहीत, असं पाळकसाहेबही सांगत. तिला एकच भाऊ, सोनगीरकडे शेती करणारा. त्याने आपल्या परीने वाट काढली होती. नाताळच्या दिवशी धुळ्यात काहीतरी काम काढून तो यायचा. ओट्यावर स्वतःची घोंगडी पसरून बसायचा, पाणीही घरून चरवीत आणायचा, आणि आईच्या हातची एक दशमी खायचा. कणीक दुधात भिजवली, पाण्याचा थेंब लागला नाही, तर त्या भाकरीला विटाळ नाही, असं आईच्या माहेरच्या लोकांत मानत. म्हणून मामाला तेवढी चालायची. वर्षाकाठी ती एक दशमी, एवढंच आईचं माहेर उरलं होतं.

चौथी होऊन माझी शाळा सुटली, त्या वर्षीची गोष्ट. नाताळच्या सकाळी आई चर्चमध्ये झेंडूची तोरणं बांधायला गेली. जाताना म्हणाली, "आता मोठी झालीस तू. दूध तापवून त्यात गूळ विरघळव आणि कणीक भिजवून ठेव. मी येऊन भाजते."

दूध चुलीवर ठेवून मी खिडकीशी गेले. समोर मुली गाणं बसवत होत्या. चारचौघांत माझा आवाज निघत नसे, म्हणून मला त्यात घेतलं नव्हतं. मी ऐकत राहिले. करपल्याचा वास आला तेव्हा निम्मं दूध चुलीत गेलं होतं. शेजारी जाऊन दूध मागायची मला लाज वाटली. माठातलं अर्धी वाटी पाणी घेतलं, उरलेल्या दुधात घातलं आणि कणीक भिजवली. ते पाणी आम्ही रोज पीत होतो. त्याने कुणाचं काय बिघडेल, असं मला वाटलं.

मामा आला तो या वेळी एकटा नव्हता. बरोबर त्याचा चुलतभाऊ होता. आईने ताट पुढे ठेवलं. चुलतभाऊ दारावरच्या ताऱ्याकडे बघून हसला.

"आते ते मडम झायी तुन्ही बहीण!"

"मडम दशम्या भाजस का रे?" आई म्हणाली.

मामाही हसला. त्याने दशमी मोडून एक घास खाल्ला. "गोड शे," म्हणाला.

चुलतभावाने हात लावला नाही. "दूधमाच मळेल शे ना? तुन्हा घरमा पोरनं लगीन शे, भाऊ. उद्या कोनी विचारं ते?"

"पानीना थेंब नही," आई म्हणाली. मग कौतुकाने माझ्याकडे बोट करून सांगितलं, "औंदा मन्ही पोरनी मळं."

मामा माझ्याकडे वळला. "दूधमाच ना, माय?"

नुसती मान हलवली असती तरी झालं असतं. रविवारच्या शाळेत खोटं बोलू नये असं शिकवलं होतं, म्हणून मी गप्प राहिले असं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. मी खाली बघत राहिले.

मामाने हातातला तुकडा ताटात ठेवला. अंगणाच्या कडेला जाऊन चरवीतल्या पाण्याने चूळ भरली. घोंगडी उचलली. आईला एवढंच म्हणाला, "माले तरी खरं सांगनं व्हतं."

ते दोघं गेल्यावर आईने मला विचारलं. मी सांगितलं. तिने मारलं नाही. "हो म्हणाली असतीस तर काय झालं असतं?" एवढंच म्हणाली आणि चर्चला जायचं लुगडं पेटीतून काढायला लागली.

मामाने तिला खोटारडी समजावं, हे मला सहन होईना. आमच्या घरात लिहिता येणारी मी एकटीच. नवीन वर्ष लागल्यावर मी कोणाला न विचारता मामाला पोस्टकार्ड लिहिलं. पाणी मी घातलं, आईला माहीत नव्हतं, तिच्यावर राग धरू नका. अक्षर मी मुद्दाम ठसठशीत काढलं होतं.

मामाला वाचता येत नाही, हे मला ठाऊक नव्हतं. सोनगीरकडून भाजी घेऊन येणाऱ्या बाईने पुढचं आईला सांगितलं. चुलतभावाला मामाने गप्प बसवलं होतं, गावात कोणालाच काही कळलं नव्हतं. मग माझं कार्ड आलं. ते चावडीवर चारजणांसमोर कुणीतरी मोठ्याने वाचलं. भाऊबंदांनी मामाला प्रायश्चित्त घ्यायला लावलं, तेव्हा कुठे त्याच्या मुलीचं लग्न मोडायचं राहिलं. बहिणीच्या दारात पाय ठेवणार नाही, अशी शपथही त्याच्याकडून घेतली.

कार्ड कोणी लिहिलं, हे आईने मला विचारलं नाही. आमच्या घरात दुसरं कोण लिहिणार?

लग्नाच्या गाड्या आग्रा रोडने आमच्या आवारावरून गेल्या. आई फाटकापाशी उभी होती. पहिल्या गाडीवर मामा स्वतः कासरा धरून बसला होता. तिने "भाऊ" अशी हाक मारली. मोठ्याने मारली, मला आत खिडकीशी ऐकू आली. तो बैलांकडेच बघत राहिला. मागच्या गाडीतल्या बायका मात्र आईकडे वळून बघत होत्या.

पुढच्या नाताळला करंज्या झाल्या, शेव झाली. गूळ घरात होता. आईने दूध जास्तीचं घेतलं नाही, आणि मीही विचारलं नाही.