सुलोचनाबाईनं चंदाची पत्रिका पाठवली

सेलूच्या बाजारात पूजेच्या सामानाची दुकानं आणखीही आहेत, पण सुलोचनाबाईच्या दुकानात पिशवी भरायला वेळ लागतो. ती आधी विचारते. कशासाठी पाहिजे, कोणी सांगितलं, घरात आधीचं उरलं आहे का. अकरा नारळांची यादी घेऊन आलेल्या बाईला "एकात होते वं माय, देव काही मोजत बसत नाई" असं म्हणून दहा नारळ परत पोत्यात टाकणारी दुकानदारीण मी दुसरी पाहिली नाही. तिचे मालक मोतीलालभाऊ दम्यामुळे मागच्या खुर्चीवर बसून असतात. ते गिऱ्हाइकाला सांगतात, "पाहा, हे बाई माझा धंदा बुडवून राह्यली." ती मान न वळवता म्हणते, "बुडाला असता तं तुमच्या खिशातला पंप कुठून आला असता?"

मी रोज दिवाबत्ती झाली की वही लिहिते. तिथी, स्वयंपाक, कोण आलं, कोण गेलं, गाय किती वाजता व्याली. वीस-बावीस वर्षांची सवय आहे. वहीत सुलोचनाबाईचं नाव कितीदा तरी येतं, पण ते उदबत्तीच्या पुड्यासोबत. तिच्याबद्दल असं बसून कधी लिहिलं नव्हतं.

ती हिंगणघाटची. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन सेलूला आली आणि तेराव्या दिवशी सासऱ्याचं दुकान जळालं. विजेच्या तारेनं जळालं, हे सगळ्या बाजारानं पाहिलं होतं. तरी पत्रिका पाहणाऱ्या एका म्हाताऱ्यानं सांगितलं, सून पांढऱ्या पायाची आहे. वर्षभर तिला माहेरी ठेवली. मग एक दिवस मोतीलालभाऊ कोणाला न विचारता एसटीत बसले आणि तिला घेऊन आले. सासू दारात आडवी उभी राहिली, तेव्हा ही म्हणाली म्हणे, "माया पायानं जळलं ना? मंग त्याच पायानं उभं करतो. सरका." आणि केलं. टोपलीत कापूर-वाती घेऊन घरोघर फिरली, मग रस्त्याकडेला पाट, मग टपरी, मग हे दुकान.

दुकान उभं राहिलं, नाव काही पुसलं गेलं नाही. बाया सामान तिच्याकडूनच नेतात, पण कार्यात नवऱ्या मुलीची पहिली ओटी भरायला तिला कोणी हाक मारत नाही. मीसुद्धा नाही. आमच्या घरी तीन कार्यं झाली. ती आली, आहेर केला, जेवली, गेली. ओटीच्या वेळी मी दुसरीकडे पाहत होते. मला तसं करायला कोणी सांगितलं नव्हतं. चालत आलं होतं, मी चालवलं.

आता माझं सांगते.

माझी मुलगी वर्षाली वर्ध्याला औषधांच्या दुकानात कामाला आहे. तळेगावच्या अंकुशशी तिचं जमलं. पोरगा शांत, घर शेतीवाडीचं, दोघंही खुश. रविवारी साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं. आदल्या रविवारी मोबाईलवर भजन ऐकता ऐकता मला एक गुरुजी दिसले. नाव इथं लिहीत नाही, उगाच जाहिरात कशाला. भगवी शाल, मागे मोठा शंख, खाली अक्षरं: पहिला प्रश्न फुकट. मला वाटलं, सगळं ठरलंच आहे, आशीर्वाद घेऊन ठेवावा. वर्षालीचं नाव, तारीख, वेळ, गाव लिहून पाठवलं. दहा मिनिटांत उत्तर आलं. देवाधर्माचं काही आलं की मी वहीत उतरवून ठेवते, तसं हेही जसंच्या तसं उतरवलं:

"कन्येची रास वृषभ. कुंडलीत पतिघातक योग आहे. हा संबंध पुढे नेल्यास सहा महिन्यांत अनर्थ. घराजवळची एक सावळी स्त्री तुमच्या सुखावर दृष्टी ठेवून आहे. गुप्त अनुष्ठान आवश्यक. कोणास सांगितल्यास फळ कन्येवर उलटेल."

मागोमाग फोन. आवाज इतका गोड की मी पदर डोक्यावर घेऊन ऐकत होते. संकल्पाचे पाचशे एक तेव्हाच पाठवले. अनुष्ठानाचे एकवीस हजार शुक्रवारपर्यंत, आणि तोवर सव्वा किलो काळे उडीद, काळं कापड, सात लिंबं देवघरात ठेवायची.

आमच्या ह्यांना, रूपरावांना, मी काही सांगितलं नाही. मंगळवारी अंकुशच्या आईला फोन केला. म्हटलं, रविवारचं जरा लांबवू, माझी तब्येत बरी नाही. त्या बाई नुसतं "बरं" म्हणाल्या. पोरीकडच्यांनी साक्षगंध लांबवलं की समोरचे काय समजतात, हे मला माहीत होतं. त्या "बरं"नंतर सोयरीक एका धाग्यावर राहिली होती. वर्षाली जेवेना. "आई, तुले त्याच्यात काय दिसलं, सांग तं खरं," एवढंच विचारत होती. आणि मी तिला जगवायला म्हणून तिचं सुख मोडत होते.

बुधवारी यादी घेऊन सुलोचनाबाईकडे गेले. तिचा सावळा चेहरा पाहिला आणि मनात चमकलं, हीच तर नाही ती? लिहायला लाज वाटते, पण वाटलं ते वाटलं.

"काऊन वं नलू, सव्वा किलो काळे उडीद? आन् काळं कापड? घरात सगळे बरे आहेत ना?"

"घरी पाहिजे होतं."

"घरीच पाहिजे असते ना. दुकानातून जंगलात नेत नाई कोणी. कोणी सांगतलं?"

"सांगता येत नाही."

तिनं उडदाचं माप खाली ठेवलं. "हे पाय, लग्नाचं म्हण, बारशाचं म्हण, तेरवीचं म्हण, सगळ्याचं सामान देतो मी. जे सांगता येत नाई त्याचं देत नाई. चाळीस वर्षं झाले, देवाच्या कामाचं लपवणारं गिऱ्हाईक मले एकच भेटते, कोणीतरी भेवाडलेलं."

मी तिथंच रडले. तिनं मला आत पाटावर बसवलं आणि वही मागितली. यादी वहीतच होती, वरच्या पानावर गुरुजींचं उत्तर. तिनं चष्मा लावून वाचलं. "सावळी स्त्री" ला आली आणि खो खो हसली.

"अवं, सेलूत एक गोरी दाखव मले! मोतीलालजी, ऐकलं का, म्या नलूच्या सुखावर नजर ठेवली म्हणते."

"तुयी नजर माया चहावर आहे फक्त," मागून आवाज आला.

मग ती एकदम गंभीर झाली. "वर्षालीचं जन्मनाव काय?"

बारशाला पत्रिकेच्या अक्षरावरून ठेवलेलं नाव आमच्याकडे कानात सांगतात, मग पोरीला हाक मात्र आवडीच्या नावानं मारतात. मी म्हटलं, "रेणुका."

तिनं फळीवरचं पंचांग काढलं, नक्षत्रांच्या अक्षरांचं पान उघडलं आणि बोट ठेवलं. "रे म्हणजे स्वाती. रास तूळ. हा वृषभ म्हणून राह्यला. तारीख-वेळ देऊन बी वृषभ काऊन? कारण वर्षालीतला व वृषभात बसते. त्यानं पत्रिका मांडलीच नाई वं. हाकेचं नाव पाहून रास लिहून देली."

मला पटत होतं आणि पटवून घ्यायची हिंमत नव्हती. म्हटलं, "त्यांची पद्धत वेगळी असेल. चूक निघाली आणि पोरीला काही झालं तर?"

"बरं. तुया गोठ्यातली ते चंदा, कवा झाली?"

"दोन वर्षांमागच्या नागपंचमीला, सकाळी नऊ वाजून वीस." गोठ्यातल्या वेळा मला पाठ असतात.

तिनं मोतीलालभाऊंचा फोन घेतला. नाव चंदा, जन्मतारीख नागपंचमीची, साल खरं तेच, वेळ नऊ वीस, गाव सेलू. प्रश्न: सोयरीक टिकेल का? गुरुजींच्या नंबरावर पाठवलं आणि एका पोराला तुळशीची माळ विकायला लागली.

माळेचे सुटे पैसे परत देईपर्यंत उत्तर आलं. तिनं फोन माझ्या वहीशेजारी ठेवला. मी बोट धरून ओळ-ओळ ताडून पाहिली. कन्येची रास मीन, चंदातल्या च वरून. एवढंच वेगळं. पुढे पतिघातक योग, सहा महिने, सावळी स्त्री, गुप्त अनुष्ठान, अक्षराला अक्षर तेच. तीन दिवसांपूर्वी जे देवाचं म्हणून उतरवलं होतं, त्यावर मी वही खाडकन मिटली. भीतीनं नाही, संतापानं.

फोन वाजला. सुलोचनाबाईनं स्पीकर लावला.

"ताई, मुलगी मोठ्या संकटात आहे."

"हो ना जी गुरुजी. कालपासून चारा खात नाई."

"काय खात नाही?"

"चारा. कालवड आहे ते. अजून तिसरं वर्ष लागाचं आहे तिले, आन् तुम्ही तिचा नवरा मारून राह्यले!"

पलीकडचा गोडवा गेला. देवीची थट्टा करता, कोप होईल, घर बसेल, असं काहीबाही सुरू झालं. मी फोन ओढून घेतला.

"रोज सकाळी आंघोळ करून देवीला पाणी घालते मी. तिला माझं घर माहीत आहे. कोपायचं असेल तर ती सरळ येईल, तुमच्या नंबरावरून येणार नाही. आणि तिचं नाव पुन्हा तोंडात घेऊ नका, ते तुमच्या धंद्याचं सामान नाही."

मोतीलालभाऊंनी खुर्चीतून टाळी वाजवली आणि त्यांना ठसका लागला.

"आता तळेगावले लाव," सुलोचनाबाई म्हणाली. "मायासमोर. घरी जाऊन लावतो म्हणशील तं पुन्हा भेशील."

मी अंकुशच्या आईला सगळं खरं सांगितलं. तब्येत बरी होती, अक्कल बरी नव्हती, असं म्हटलं. मग त्या म्हणाल्या, "काल रात्रभर झोपली नाई जी मी. वाटलं, आमच्या पोरात काय खोट निघाली." आणि मग हसून, "म्हणजे तुमच्या कालवडीचंही जमलेलं मोडलं म्हणा! रविवारी येतो आम्ही. ठरल्या वेळी."

घरी ह्यांना सांगितलं. ते रागावले, ते बरोबरच होतं. वर्षालीनं सायबर पोलिसांकडे तक्रार नोंदवली. पाचशे एक काही अजून आले नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून सुलोचनाबाईच्या दुकानात गुरुजींच्या उत्तरांचे दोन कागद शेजारी शेजारी लागले आहेत, वर्षालीचा नाव झाकून आणि चंदाचा नावासकट. बाया वाचतात, हसतात, आणि कोणी ना कोणी मागं रेंगाळून हळूच स्वतःचा फोन काढते. आतापर्यंत तिघी. सुलोचनाबाई त्यांना एवढंच विचारते: त्यानं भेव आधी दाखवलं का? घाई केली का? घरात सांगू नको म्हणाला का? तिन्हीला हो आलं की म्हणते, "मंग आधी घरात सांग."

माझी देवपूजा कमी झाली नाही, हे लिहून ठेवते. पत्रिकाही आम्ही पाहतो, पुढेही पाहू. पण भेवाडणाऱ्याला मी आता देवाच्या बाजूचा माणूस समजणार नाही. मग तो मोबाईलमधला असो की चाळीस वर्षांमागचा तो पत्रिकेवाला म्हातारा.

ही ओळ लिहिली आणि मग शनिवारी पुन्हा दुकानात गेले. म्हटलं, "बाई, उद्या वर्षालीची पहिली ओटी तुम्ही भरायची."

ती वाती बांधत होती. दोरा तसाच हातात राहिला.

"जाऊबाया काय म्हणतील तुया?"

"म्हणू दे."

"पाय नलू, येईन तं पुढच्या दारानं येईन. सगळ्यायच्या आधी. मंग कोणी कुजबुजलं आन् तू इकडं-तिकडं पायलं, तं भर मांडवात बोलीन."

"बोला. मी तुमच्याकडेच पाहीन."

रविवारी तळेगावची गाडी यायच्या आधीच ती आली. हिरवं लुगडं, हातात खणा-नारळाचं ताट, मागं काठी टेकत मोतीलालभाऊ. माझी मोठी जाऊ माझ्या कानाशी लागली, "हिलेच काऊन?" मी मोठ्यानं म्हटलं, "हिच्यामुळे आजचा दिवस आहे, म्हणून." अंगणात शेणाचा सडा ओलाच होता. सुलोचनाबाई काठाकाठानं आली नाही, अंगणाच्या मधून आली, पाय दाबून. दारापर्यंत तिची पावलं उमटली, आणि तळेगावचे पाहुणे त्याच पावलांवरून घरात आले.