उंटापुढचं प्यादं

बाळांनो, रविवारी व्हिडिओ कॉलवर धाकटीनं विचारलं, "आजी, समोरच्यानं प्यादं फुकट दिलं तर घ्यायचं का?" मी हसून विषय बदलला. त्याचं उत्तर मला तुमच्या आईनं शिकवलं होतं आणि ते फोनवर मावणारं नव्हतं. म्हणून लिहून पाठवते.

भूकंपानंतरच्या वर्षी तुमची आई नांदेडहून लातूरला बारावीच्या क्लासेससाठी गेली. हॉस्टेल नवं होतं, पण वर स्लॅब होता आणि त्याखाली झोपायची तिला भीती वाटायची. बऱ्याच मुली अंगणात अंथरूण टाकायच्या. "दिवाळीपर्यंत बघते, नाही जमलं तर परत येते," असं सांगून ती गेली. पत्रात मात्र एकच ओळ: मी बरी आहे. त्यावरून काय कळणार? मग मीच पोस्टकार्डावर बुद्धिबळ खेळू असं सुचवलं. एका कार्डात एक चाल. निदान कार्डं तरी येतील.

पांढऱ्या सोंगट्या तिच्या. तिनं वजिरापुढचं प्यादं दोन घरं टाकलं. मी माझं तसंच समोर आणून उभं केलं. मग तिनं शेजारचं, उंटापुढचं प्यादंही दोन घरं आणलं, थेट माझ्या प्याद्याच्या तोंडी. त्याला कशाचाच जोर नव्हता.

गल्लीत घड्याळं दुरुस्त करणारे एक चाचा होते. ते जुन्या पद्धतीनं खेळायचे. त्यात प्यादं एकेकच घर चालतं. मी त्यांना कार्ड दाखवलं.

"दोन दोन घरं? बाई, पोरगी शिकायला गेली का दांडगाई करायला?"

"तिकडचा नियम आहे, चाचा."

"असंल. पण फुकटचं हाय, घेऊन टाका. अन् सोडू नका."

मी घेतलं आणि सोडलं नाही. ते राखायला दुसरं प्यादं पुढे केलं, त्याला राखायला तिसरं. थोड्याच कार्डांत तिचा वजीर तिरका निघाला आणि कोपऱ्यातल्या माझ्या हत्तीवर नेम धरून बसला. हत्ती वाचवायला घोडा द्यावा लागला. चाचांनी डोळ्यावरचं भिंग काढलं. "सोडू नका म्हणालो, हे कुणाला सांगू नका, बाई."

प्यादं दिलंसच का, असं मी तिला विचारलं. तेवढ्यात लातूरकडे पुन्हा हादरा बसल्याची बातमी आली. दोन दिवस कसेबसे काढले. तिसऱ्या दिवशी तुमच्या आजोबांना म्हटलं, "उद्याची एसटी पकडा, तिला घेऊन या." त्याच दुपारी कार्ड आलं.

"आई, प्यादं दिलं नव्हतं. तुझं प्यादं मधून बाजूला काढलं. मधली घरं ज्याच्याकडे, त्याच्या सोंगट्यांना वाट मिळते. मी ते नंतर परत घेणारच होते. तू राखत बसलीस म्हणून घोडा गेला. सोमवारी हादरा बसला. सगळ्या बाहेर पळालो. मग मी आत येऊन झोपले. बाबांना पाठवू नकोस. नवा डाव मांड."

पटावर सगळं पुन्हा लावून मी मधली घरं बघत राहिले.

"पिशवी भरू का?" आजोबांनी विचारलं.

"राहू द्या."

नव्या डावातही तिनं तेच प्यादं पुढे केलं. मी हात लावला नाही. राजापुढचं प्यादं एक घर सरकवून मधल्याला जोर दिला. दिवाळीला ती आली ती सुट्टीपुरतीच.

तेव्हा धाकटे, घ्यायचं तर घे, पण राखत बसू नकोस.

चाचांचं दुकान आता नाही. पटावरचं एक काळं प्यादं हरवलंय, तिथे शर्टाचं बटण ठेवते. तुमच्या आईची कार्डं मात्र सगळी आहेत, तारखेप्रमाणे लावलेली, कपाटाच्या वरच्या खणात.