पाहुण्यांची चौकशी करणाऱ्या ताई

कोणी फार चांगला रिझल्ट दाखवला की ताई काळजीत पडायच्या. "छान आहे. पण त्याच्या पोटात काय होतं?" एवढंच विचारायच्या. नॉर्थ कॅरोलायनातल्या आमच्या लॅबमध्ये त्या पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधन करणाऱ्या, होत्या, मूळच्या नागपूरच्या. आमचे अमेरिकन प्रोफेसरही त्यांना ताईच म्हणत. ते ताईंचं नाव आहे अशी त्यांची समजूत होती. मी पीएचडीसाठी पुण्याहून आलेला, विद्यापीठात पहिला आलेला, आणि कोणी न विचारताही ते सांगणारा.

पोटाचा प्रश्न आमच्या कामातलाच होता. कोबाल्टचे अणू आणि त्यांना जोडणारे सेंद्रिय रेणू यांचे जाळीदार स्फटिक आम्ही बनवायचो. जाळीच्या पोकळ्यांत पाण्याचे किंवा मिथेनॉलचे रेणू येऊन बसतात. त्यांना पाहुणे म्हणतात. पाहुणे आले-गेले की जाळी जराशी वाकते, कोबाल्टचे अणू एकमेकांशी वेगळे वागू लागतात आणि पदार्थाचं चुंबकत्व बदलतं. हे सगळं मला परीक्षेपुरतं तोंडपाठ होतं.

दुसऱ्या वर्षी माझा पदार्थ अतिथंड केल्यावर चक्क चुंबक झाला. प्रोफेसरांनी कॉन्फरन्समध्ये माझं भाषण ठरवलं. मी घरी फोन केला. जवळच्या कॅरी गावातल्या आपल्या लोकांच्या बुद्धपौर्णिमेच्या कार्यक्रमात एका काकांनी माइकवरून 'नव्या चुंबकाचा शोध' जाहीर केला. मी उभा राहून नमस्कारही केला. शेजारी बसलेल्या ताई हळूच म्हणाल्या, "रिपीट केलंस का?"

केलं नव्हतं. सोमवारी केलं, तर चुंबकत्वाचा पत्ता नाही. आणखी तीनदा केलं, तेच. भाषणाला दोन आठवडे उरले होते. मी मशीनवर संशय घेतला, कोबाल्टच्या बाटलीवर घेतला. स्वतःवर घ्यायचं सुचलं नाही.

"काय करून राहिलास रे?" ताईंनी एका दुपारी माझी वही ओढून घेतली. "हे काय लिहिलंस? 'रंग: छान.' छान म्हणजे कोणता?"

"जांभळा, ताई."

"आणि आत्ताच्या सॅम्पलचा?"

"गुलाबी."

त्यांनी वही परत माझ्यापुढे सरकवली. मीच आठवत गेलो. पहिलं सॅम्पल मी शुक्रवारी सुकवायला व्हॅक्यूम पंपावर लावलं आणि मित्रांबरोबर समुद्रावर गेलो. ते थेट सोमवारी आठवलं. तीन दिवसांत सगळं मिथेनॉल निघून गेलं होतं. नवी सॅम्पल्स मी शहाण्यासारखी तासाभरात काढली होती. म्हणजे माझा शोध माझ्या विसराळूपणाने लावला होता.

"सरांना मेल करू का?"

"मेल नको. जाऊन सांग. समुद्राचंही सांग."

मी सांगितलं. सर म्हणाले, "मिथेनॉल परत घालून बघ." घातलं. जांभळे स्फटिक गुलाबी झाले, चुंबकत्व गेलं. पुन्हा सुकवले, परत आलं. भाषण झालं, पहिल्यापेक्षा चांगलं झालं. हे कोडं आपणच सोडवलं, असं मी पुढे वर्षभर ऐकेल त्याला सांगत होतो. ताई समोर असल्या तरी सांगत होतो. त्या मान डोलवायच्या.

मग त्यांच्या कराराची मुदत संपली आणि नागपूरच्या एका कॉलेजात त्यांना नोकरी मिळाली. मी त्यांना एअरपोर्टवर ड्राइव्ह करून सोडलं. वाटेत बहुतेक मीच बोललो.

आठवड्याने सरांनी मला ताईंचा ड्रॉवर रिकामा करायला सांगितलं. तळाशी एका खोक्यात सात छोट्या बाटल्या होत्या. प्रत्येकीत माझाच पदार्थ, फिक्या गुलाबीपासून गडद जांभळ्यापर्यंत, आणि लेबलवर ताईंच्या अक्षरात व्हॅक्यूमचे तास आणि तारीख. शेवटची तारीख त्यांनी माझी वही ओढली त्याच्या आदल्या दिवशीची होती.

 मी फोन काढला, नागपुरात किती वाजले असतील ते पाहिलं, आणि काय बोलायचं ते पहिल्यांदाच सुचेना.