दौंडच्या वेण्या

मी नणंदेवर जळले, नवऱ्याच्या रेल्वे क्वार्टरवर जळले, ते माझं मला ठाऊक होतं. पण कोर्टानं नेमलेल्या एका पन्नाशीच्या बाईवर इतकी जळेन, असं वाटलं नव्हतं.

नवरा दौंडला रेल्वेत. घरात तो आणि त्याची बहीण. मी कारेगावात भाड्याच्या खोलीत राहायची, कंपनीत पॅकिंगला जायची. आठ वर्षांची लेक माझ्याजवळ होती. शनिवारी तिचा बाप न्हावऱ्याच्या फाट्यावरून तिला गाडीवर घेऊन जायचा, रविवारी तिथंच आणून सोडायचा. ती कायमची कुणाकडे राहणार, याची केस शिरूरला चालू होती. मुलीचं मन जाणून अहवाल द्यायला कोर्टानं या कल्याण अधिकारी बाई नेमल्या. सगळे त्यांना मॅडम म्हणत.

त्या पहिल्यांदा घरी आल्या, तेव्हा मी रजा टाकली. घरमालकिणीकडून अभ्यासाचं टेबल मागून आणलं, शिरा केला. बाईंनी टेबलाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. फरशीवर बसल्या आणि लेकीशी सागरगोटे खेळायला लागल्या. मग मला म्हणाल्या, "ताई, अर्धा तास बाहेर थांबाल का?"

माझ्याच घरातून मी बाहेर! जिन्यात उभी राहून आतलं हसणं ऐकत होते. पोरगी माझ्यापाशी असं कधी हसली होती, ते आठवेना. नऊ महिने पोटात वागवली मी, तापात मांडीवर घेऊन बसले मी, आणि ही बाई आयत्या बिळावर नागोबा. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

जाताना त्यांनी चहासुद्धा घेतला नाही, नुसतं पाणी प्यायल्या. आमच्याकडे चहा न घेता गेलेलं माणूस रुसून गेलं असं धरतात. पुढच्या शनिवारी त्या दौंडलाही जाऊन आल्या. लेक परत आल्या आल्या मी विचारलं, "मॅडमनी आत्याकडं चहा घेतला का गं?"

"न्हाई. तिथं पन पानीच."

तेवढाच जीव थंड झाला.

आता वेण्यांचं सांगते. नणंद लाल रिबिनी लावून अशा घट्ट, सारख्या वेण्या घालते की बघत राहावं. मला तसल्या जमत नाहीत. लेक पहिल्यांदा तशी आली, तेव्हा घरात पाऊल टाकताच मी त्या सोडल्या. "किती आवळल्यात मेल्या!" म्हणत तेल लावून माझ्या हातानं घातल्या. पुढच्या रविवारपासून पोरगी केस मोकळे सोडूनच यायला लागली. मला वाटलं, नणंदेचं कौतुक चार दिवसांत संपलं. मी वकिलांना सांगून अर्जात लिहून घेतलं की दौंडला मुलीची वेणीफणीसुद्धा कुणी करत नाही.

अहवाल द्यायच्या आधी बाईंनी मला शिरूरला बोलावलं. कोर्टाच्या एका लहान खोलीत त्या एकट्याच होत्या.

"तिनं मला तीन गोष्टी सांगितल्या," त्या म्हणाल्या. "आईला कोणती सांगू, असं मी तिलाच विचारलं. एकच सांगा म्हणाली."

"कुठली?"

"दौंडहून येताना चौफुल्याला बाबा चहाला थांबतात, तेव्हा ती स्वतःच वेण्या सोडते. रिबिनी दप्तरात लपवते. आईला त्या आवडत नाहीत म्हणून."

मला वर बघवेना. खाली बघतच विचारलं, "आन् बाकीच्या दोन?"

"त्या तिच्या आहेत, ताई."

माझ्या लेकीच्या दोन गोष्टी माझ्याकडे नाहीत, या परक्या बाईकडे आहेत! लाज वाटायला हवी होती, तीही वाटली. पण आधी पोटात दुखलं ते त्यानंच. वकिलांना म्हटलं, वेण्यांचं वाक्य काढून टाका. ते म्हणाले, "अवो, केसला उपयोगाचं हाय ते." मी म्हटलं, "खोटं हाय."

त्या रविवारी लेक फाट्यावर उतरली, केस मोकळेच. बाप गेल्यावर तिच्या दप्तरातून मीच रिबिनी काढल्या. ती दचकली.

"आत्या कशा घालती, दाव बरं मला," मी म्हटलं.

ती कितीतरी वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग पाठ करून बसली आणि शिकवू लागली. एक वेणी घट्ट झाली, दुसरी ढिली. हात लावून बघितल्यावर ती खळखळून हसली, सागरगोट्यांच्या वेळी हसली होती तशी.

एसटीत बसल्यावर म्हणाली, "आई, मॅडमना सांग, दुसरी गोष्ट तुला सांगितली तरी चालंल."

"मॅडम कशाला? तूच सांग की."

ती ढिली वेणी बोटाला गुंडाळत बसली. शिरूर जवळ आलं, तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला दौंडला पन आवडतं."

नणंद डोळ्यांपुढे आली, ते क्वार्टर आलं. कोर्टात याचं काय होईल, तेही आलं. पण ती आता हळूच माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हटलं, "व्हय? बरं झालं." आणि तिला जवळ ओढली.

तिसरी गोष्ट अजून त्या बाईंकडेच आहे. मी अजून त्यांच्यावर जळते, पण लेकीला विचारत नाही.