विजयाताईंचं बारीक सोनं

विजयाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी पर्वत पाटिया भागातल्या बँकेच्या रांगेत उभी होते. यांचा आवाज ऐकला आणि पुढचं ऐकायची गरज उरली नाही. दुखणं बरेच महिने चाललेलं, मनाची तयारी होती... तरी रांग पुढे सरकली आणि मी तिथेच उभी राहिले. आता काही आठवडे उलटलेत. भेटायला येणारे त्यांच्या आजाराबद्दल बोलतात. मला मात्र ताई आठवतात त्या जिंकलेल्या.

ताई माझ्या थोरल्या नणंद. सासरे धुळ्याकडून येऊन लिंबायतमध्ये यंत्रमागावर लागलेले. त्यांची ही मुलगी मराठी शाळेतून शिकून कॉलेजात रसायनशास्त्र शिकवू लागली आणि नोकरी सांभाळून पीएच.डी.ला बसली. मी लग्न होऊन आले ती चौऱ्याण्णवच्या प्लेगनंतरची वर्षं. शहर झाडून-पुसून लख्ख झालं होतं, पण आमच्या गल्लीला पाणी अजून बोअरचंच होतं आणि गल्लीच्या मागे कापड रंगवायची मिल होती. बायकांच्या हातांना खाज सुटायची, फोड यायचे. पाणी मात्र काचेसारखं स्वच्छ दिसायचं. ताईंना संशय बायक्रोमेटचा. रंग पक्का करायला ते वापरतात आणि त्यातलं क्रोमियम जमिनीत मुरतं, असं त्या सांगत. पण ते दाखवणारं मोठं यंत्र बडोद्याला. आमच्या गल्लीच्या पाण्याचा तिथे नंबर कधी लागणार!

म्हणून त्यांनी दुसरी वाट धरली. कार्बनची बारीक कांडी पाण्यात धरायची आणि तिला विजेचा हलका दाब द्यायचा. हवा तो पदार्थ पाण्यात असेल, तर आलेख काढणाऱ्या रेकॉर्डरचं पेन कागदावर टेकडी काढतं. नुसत्या कांडीवर टेकडी उमटत नव्हती. तिच्यावर सोन्याचे अतिसूक्ष्म कण बसवले तर उमटेल, असं ताईंनी मनाशी धरलं. आज सगळे नॅनोकण म्हणतात, ताई नुसतं ‘बारीक सोनं’ म्हणायच्या. प्रयोगाला लागणारा सोन्याचा क्षार कॉलेजकडून मंजूर होऊन यायला वर्ष गेलं असतं. सासूबाईंनी ताईंच्या लग्नासाठी जपून ठेवलेलं चोख सोन्याचं वेढणं ताईंनी काढलं आणि ते सरळ आम्लात विरघळवलं.

संध्याकाळी त्या एक बाटली घेऊन घरी आल्या. आत बारीक सोन्याचं, डाळिंबाच्या रसासारखं लाल पाणी. सासूबाईंनी कपाट उघडून पाहिलेलं होतंच. त्यांनी शांतपणे विचारलं, “सोनं कोठे गयं वं, विजू?”

“आठेच शे, माय. या बाटलीमा.”

सासूबाई बराच वेळ बाटली दिव्यासमोर धरून बघत राहिल्या. मग ती देवघरात नेऊन ठेवायला निघाल्या... ताईंनी कसंबसं अडवलं.

गल्लीच्या पाण्यात टेकडी उमटली. पण पालिकेच्या वॉर्डातले साहेब म्हणाले, हाताने जुळवलेल्या यंत्राचा भरवसा काय? तेव्हा ठरलं, की मिलचे केमिस्ट महेशभाई तीन बाटल्या भरून आणतील आणि कशात काय आहे ते कुणालाच सांगणार नाहीत. ताईंनी सगळ्यांसमोर ओळखायचं. त्या दुपारी कॉलेजच्या प्रयोगशाळेत गल्लीतल्या बायका दारापर्यंत दाटीने उभ्या होत्या. पहिल्या बाटलीला पेन सरळ गेलं. दुसरीला उंच टेकडी. तिसरीलाही टेकडी आली, लहान पण स्पष्ट. ताई म्हणाल्या, दोन बाटल्यांत क्रोमियम आहे. महेशभाई हसले. त्यांनी फक्त एकीत बायक्रोमेट मिसळलं होतं. साहेबांनी फाइल मिटली.

“बेन, तिसरं तर आमच्या मिलच्या बोअरचं प्यायचं पाणी,” महेशभाई म्हणाले. “मी स्वतः रोज पितो.”

ताईंच्या आवाजात जराही चढउतार नव्हता. “मग महेशभाई, आजपासून पिऊ नका.”

हसू थांबलं. महेशभाईंनी पुन्हा करायला सांगितलं. ताईंनी नवी कांडी घेतली, नवं पाणी घेतलं. तीच टेकडी. महेशभाई स्टुलावर बसले आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून टेकड्या जुळवून पाहू लागले. माणूस सरळ होता. गल्लीच्या आणि मिलच्या, दोन्ही बोअरचं पाणी ते स्वतः बडोद्याला घेऊन गेले, आणि तिथल्या मोठ्या यंत्राने ताईंचंच म्हणणं खरं केलं. मालकासमोर आमच्या बाजूने बोलायलाही तेच उभे राहिले. दोन्ही बोअर बंद झाल्या, आणि वर्षभरात गल्लीत पालिकेचा नळ आला. त्या दिवशी सासूबाईंनी नळाला हळदकुंकू वाहिलं, पहिला पेला ताईंच्या हातात दिला आणि जमलेल्या बायकांना सांगितलं, “हाई मन्ही पोरनं सोनं शे.” ताई एरवी चारचौघांत डोळे भरू द्यायच्या नाहीत. त्या दिवशी त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

परवा त्यांचं सामान आणायला आम्ही कॉलेजात गेलो. त्यांच्या जागेवर एक विद्यार्थिनी बसली होती आणि ओल्या फडक्यावर कांडी घासत होती, इंग्रजी आठाच्या आकारात, एका लयीत. मॅडमनी असंच शिकवलंय, गोल घासलं तर एका बाजूने झिजते, असं ती म्हणाली. कडोदऱ्याच्या एका वस्तीतून तपासायला पाणी आलं होतं. आमच्यासाठी तिने हात थांबवला नाही, आणि आम्हीही सामानाला हात न लावता तिचं होईपर्यंत बाकावर बसून राहिलो.